ऐकीव गोष्ट आणि पुरावा

गेल्या सत्रांत इयत्ता नववीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें उभें राहून मला विचारलें, "सर, अमक्यानें चोरी केली हें साऱ्या गांवाला ठाऊक असतें, तरी पुराव्याअभावीं न्यायालय त्याला सोडून देतें. मग न्यायालयाला गांवापेक्षां कमी कळतें असें समजावयाचें काय?" वर्गांत हंशा पिकला, परंतु प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. हाच प्रश्न अनेक सुशिक्षित पालकांच्या तोंडूनही मीं ऐकला आहे. त्या दिवशीं घंटा झाली आणि उत्तर अपुरें राहिलें. तें पुरें करावें या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

माझें म्हणणें थोडक्यांत सांगावयाचें तर असें कीं, "हें तुम्हांस कसें कळलें?" हा प्रश्न न्यायालय प्रत्येकास विचारतें, आणि गांव तो कोणासही विचारीत नाहीं. या एका प्रश्नांतूनच पुराव्याचे बहुतेक नियम निघाले आहेत. ते केवळ वकिलांच्या उपयोगाचे आहेत अशी समजूत आहे, ती चुकीची होय. जेथें जेथें एक मनुष्य दुसऱ्यावर दोष ठेवतो, तेथें तेथें, मग तो वर्ग असो, वसतिगृह असो, स्वयंपाकघर असो वा चावडी असो, त्या नियमांची आपणांस गरज आहे.

प्रथम गुन्हा म्हणजे काय तें पाहूं. कायद्याच्या दृष्टीनें बहुतेक गुन्ह्यांचीं दोन अंगें असतात: एक कृत्य आणि दुसरें त्या कृत्यामागील मन. पावसाळ्यांत शाळेच्या व्हरांड्यांतून एखादा मुलगा आपलीच समजून दुसऱ्याची छत्री घेऊन गेला, तर कृत्य घडलें, परंतु लबाडीचा हेतु नव्हता. म्हणून ती चोरी नव्हे. उलट, दुसऱ्याची छत्री चोरावी असें कोणी मनांत आणिलें आणि तेथेंच थांबला, तर हेतु वाईट, परंतु कृत्य नाहीं. म्हणून तोही गुन्हा नव्हे. ज्याच्या ठायीं असा हेतु धरण्याची समजच आलेली नाहीं, त्याला कायदा गुन्हेगार म्हणत नाहीं. सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंही कृत्य आपल्या कायद्याप्रमाणें गुन्हा ठरत नाहीं. म्हणजे "त्यानें वस्तु घेतली" एवढें दाखवून भागत नाहीं. "ती कोणत्या बुद्धीनें घेतली" हेंही दाखवावें लागतें.

आतां हें दाखवावयाचें कोणी? येथें फौजदारी न्यायाचा पहिला नियम येतो. जो आरोप करितो त्यानेंच तो शाबीत करावयाचा. आरोपीनें आपलें निर्दोषत्व सिद्ध करीत बसण्याची जरुरी नाहीं. १९३५ सालीं इंग्लंडांत वुल्मिंग्टन नांवाच्या एका तरुण शेतमजुराचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें आला. त्याची पत्नी त्याच्या हातांतील बंदुकीची गोळी लागून मरण पावली होती; बंदूक चुकून उडाली, असें तो सांगत होता. खालच्या न्यायाधीशानें जूरीला असें समजाविलें होतें कीं, गोळी त्याच्या हातून सुटली हें एकदां ठरलें म्हणजे ती अपघातानें सुटली हें त्यानें स्वतः पटवून दिलें पाहिजे. त्याला फांशीची शिक्षा झाली होती. लॉर्ड सँकी यांनीं हें मत चुकीचें ठरविलें. दोष शाबीत करण्याचा भार अखेरपर्यंत सरकार पक्षावरच असतो, आणि सर्व पुरावा पाहिल्यावर वाजवी संशय शिल्लक राहिला तर आरोपीस सोडलें पाहिजे, असा निर्णय झाला आणि त्या तरुणाचे प्राण वांचले. आपल्या देशांतही मूळ तत्त्व हेंच आहे. त्याला कायद्यानें कांहीं अपवाद केले आहेत, परंतु ते अपवादच होत. शिवाय कोणाही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडूं नये, असें आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदांत सांगितलें आहे.

दुसरा नियम ऐकीव गोष्टींविषयींचा. १८७२ सालीं जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनीं रचलेला पुराव्याचा कायदा आपल्याकडे दीडशें वर्षांहून अधिक काळ चालला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. नांव बदललें, कलमांचे आंकडे बदलले. परंतु येथें सांगत आहें ते नियम कायम आहेत. त्यांपैकीं एक असा कीं, तोंडी साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे. पाहण्याची गोष्ट असेल तर ज्यानें ती पाहिली त्यानेंच सांगावी. ऐकण्याची असेल तर ज्यानें ती स्वतःच्या कानांनीं ऐकली त्यानें सांगावी. "मला गोविंदानें सांगितलें कीं रामानें पैसे घेतले," ही रामाविरुद्ध साक्ष नव्हे. गोविंदाला बोलवा, त्याला शपथ घालूं द्या, आणि आरोपीच्या वकिलाला त्याची उलटतपासणी करूं द्या: तूं कोठें उभा होतास, उजेड किती होता, तुझें आणि रामाचें पूर्वीं कांहीं भांडण होतें काय? हे प्रश्न गोविंदालाच विचारतां येतात, त्याचें बोलणें वाहून आणणाराला नव्हे. याला अपवाद आहेत. मरणाच्या दारीं असलेल्या मनुष्यानें आपल्या मृत्यूच्या कारणासंबंधीं केलेलें कथन त्याच्या पश्चात् पुराव्यांत घेतां येतें, कारण तो मनुष्य साक्षीस पुन्हां येणें शक्य नसतें.

कोणी म्हणेल, "एक साक्षीदार चुकेल, पण दहा जण कसे चुकतील?" या शंकेचें उत्तर लंडन शहरांत घडलेल्या एका गोष्टींत आहे. १८९५ सालच्या डिसेंबरांत अडॉल्फ बेक नांवाच्या एका नॉर्वेजियन गृहस्थाला रस्त्यांत एका बाईनें अडविलें. आपण मोठे धनिक आहों अशी बतावणी करून बायकांचे दागिने लांबविणारा भामटा तो हाच, असें तिचें म्हणणें होतें. पोलिसांनीं बेकला पकडलें. मग अशाच रीतीनें फसलेल्या दुसऱ्या बायका आणल्या गेल्या आणि त्यांपैकीं अनेकींनीं त्याला ओळखलें. हस्ताक्षराच्या एका तज्ज्ञानेंही त्याच्या विरुद्ध मत दिलें. १८७७ सालीं जॉन स्मिथ या नांवाच्या एका भामट्याला अशाच गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली होती. तो हाच, असेंही एका माजी पोलिसानें सांगितलें. वस्तुतः त्या सालीं बेक दक्षिण अमेरिकेंत होता. परंतु ती गोष्ट खटल्यांत पुढें मांडूं दिली गेली नाहीं. १८९६ सालीं त्याला ७ वर्षांची सक्तमजुरी झाली.

स्मिथच्या अंगावर जी खूण तुरुंगाच्या दप्तरांत नोंदलेली होती, ती बेकच्या अंगावर नव्हती. हें १८९८ सालींच उघड झालें. तरी त्याची शिक्षा रद्द झाली नाहीं. १९०१ सालीं तो सुटला. १९०४ सालीं तशाच फसवणुकीच्या तक्रारी पुन्हां आल्या, बायकांनीं पुन्हां त्यालाच ओळखलें, आणि जूरीनें पुन्हां त्यालाच दोषी ठरविलें. सुदैवानें या वेळीं न्यायाधीशांच्या मनांत शंका आली आणि त्यांनीं शिक्षा सांगणें लांबणीवर टाकलें. तेवढ्यांत बेक कोठडींत असतांनाच खरा भामटा पकडला गेला. बेकला माफी आणि नुकसानभरपाई मिळाली, आणि या प्रकरणामुळें झालेल्या चळवळीच्या अखेरीस १९०७ सालीं इंग्लंडांत फौजदारी अपिलांचें स्वतंत्र न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला.

या गोष्टींतील बायका खोटें बोलत नव्हत्या, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. त्या खरोखर फसल्या होत्या, त्यांचे दागिने खरोखर गेले होते, आणि त्या शपथेवर जें बोलल्या तें त्यांना खरेंच वाटत होतें. प्रामाणिक मनुष्यही चुकतो, आणि एकाच दिशेनें बोट दाखवूं लागल्यावर अनेक प्रामाणिक मनुष्यें एकत्र चुकतात. म्हणूनच आपल्या कायद्यानें साक्षीदारांची अमुक एक संख्या असलीच पाहिजे असें म्हटलेलें नाहीं. साक्षीदार मोजावयाचे नसतात, त्यांची साक्ष तोलावयाची असते. बायबलांतील नाबोथाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस माहीत आहे. त्याचा द्राक्षमळा राजाला हवा होता. नियमाप्रमाणें दोन साक्षीदार उभे करण्यांत आले, आणि निरपराध नाबोथ दगडांखालीं मेला. तेथें संख्या पुरी होती. त्या दोघांस उलट प्रश्न विचारणारा मात्र कोणी नव्हता.

तिसरा नियम कबुलीजबाबाविषयींचा आहे, आणि तो सांगतांना मला स्वतःचा एक अपराध सांगणें भाग आहे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. शाळा निराळी, गांव निराळें. वसतिगृहांतील एका मुलाचे सहलीसाठीं आणलेले ३०० रुपये नाहींसे झाले. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक गरीब मुलगा निजत असे. तीन मुलांनीं येऊन मला सांगितलें कीं, पैसे त्यानेंच घेतले. मागें एकदां बागेंतले पेरू तोडतांना तो सांपडला होता, तेंही मला आठवलें. मीं त्याला माझ्या खोलींत बोलाविलें, दार लावलें, आणि सुमारें तासभर प्रश्न विचारले. तो "नाहीं, सर" एवढेंच म्हणत राहिला. शेवटीं मीं म्हणालों, "कबूल केलेंस तर लगेच जाऊं देईन, घरीं कळविणार नाहीं." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "घेतले, सर." दुसऱ्या दिवशीं मीं त्याला वर्गापुढें उभें करून क्षमा मागावयास लाविलें. आपण मोठ्या चातुर्यानें सत्य शोधून काढलें, असें मला वाटत होतें.

आठ दिवसांनीं पैसे सांपडले. ज्याचे होते त्यानें ते आपल्याच नकाशांच्या पुस्तकाच्या वेष्टनाआड सुरक्षित म्हणून ठेविले होते आणि तो विसरून गेला होता. त्या तीन साक्षीदारांकडे मीं तेव्हां प्रथमच नीट चौकशी केली. त्यांपैकीं एकाला नुसता संशय आला होता. दुसऱ्यानें त्याचें ऐकलें होतें, आणि तिसऱ्यानें दुसऱ्याचें. तिघांपैकीं एकानेंही कांहींही पाहिलेलें नव्हतें. मीं त्या मुलाला विचारलें, "बाळ, घेतले नव्हतेस तर घेतले म्हणून कां सांगितलेंस?" तो म्हणाला, "सर, कबूल केलें तर जाऊं देईन असें आपण म्हणालांत. मला जायचें होतें."

त्याच वर्गापुढें मीं त्याची क्षमा मागितली. "असूं द्या, सर," इतकेंच तो बोलला. जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां तो परत आला नाहीं.

पुढें मीं पुराव्याचा कायदा वाचावयास घेतला आणि माझी प्रत्येक चूक मला तेथें नियमाच्या रूपानें भेटली. धाक, लालूच किंवा वचन देऊन मिळविलेली कबुली ग्राह्य नाहीं. पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं. मात्र अशा माहितीमुळें एखादी वस्तु प्रत्यक्ष हातीं लागली, तर त्या शोधाशीं संबंध असलेला तेवढाच भाग घेतां येतो. कबुली द्यावयाचीच असेल तर ती मॅजिस्ट्रेटपुढें द्यावी लागते. आणि "कबुली देण्यास तूं बांधलेला नाहींस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल," असें त्यानें आरोपीस आधीं समजावून सांगावें लागतें. तसेंच, आरोपीनें स्वतः आपल्या सच्छीलाचा पुरावा पुढें आणल्यावांचून, त्याचें पूर्वीचें वाईट शील त्याच्याविरुद्ध सांगतां येत नाहीं. काल पेरू तोडले, म्हणून आज पैसेही घेतले असलेच पाहिजेत, हें अनुमान कायदा करूं देत नाहीं. मीं तें केलें होतें. दार लावलेल्या खोलींत शिक्षकापुढें उभें राहिलेलें एकटें मूल, आणि कोठडींत शिपायापुढें उभा राहिलेला एकटा मनुष्य, यांत फार मोठें अंतर नाहीं.

आतां पालकांच्या आक्षेपाकडे वळतों. ते म्हणतात, "या नियमांमुळें दोषी सुटतात." होय, कित्येक वेळां सुटतात, आणि ज्या बाईच्या गळ्यांतील मंगळसूत्र हिसकावून नेलें तिला हें तत्त्वज्ञान सांगून तिचें समाधान होणार नाहीं, हें मलाही कळतें. तिचें दुःख खरें आहे, आणि तिला न्याय मिळावा हा तिचा हक्कही खरा आहे. परंतु भलत्यालाच तुरुंगांत टाकून तिला काय मिळतें? बेक तुरुंगांत खडी फोडीत होता, तेव्हां खरा भामटा मोकळा होता; कोणी त्याला शोधीतही नव्हतें, कारण तो सांपडला आहे अशी सर्वांची खात्री होती. निरपराध्याला शिक्षा होते त्या प्रत्येक वेळीं खरा दोषीही सुटतो, आणि मग त्याचा शोध घेणेंही बंद पडतें.

शिवाय दोषी सुटतो तो बहुधा नियमांमुळें नव्हे, तर तपास आळसानें झाल्यामुळें आणि साक्षीदारांनीं तोंड फिरविल्यामुळें. ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें तो "कोर्टाची पायरी नको" म्हणून घरीं बसतो, आणि ज्यानें कांहीं पाहिलें नाहीं तो चावडीवर सर्व हकीकत तपशीलवार सांगतो. "साऱ्या गांवाला ठाऊक असतें" असें तो विद्यार्थी म्हणाला. ठाऊक असणाऱ्या साऱ्या गांवांतून एकही मनुष्य शपथेवर सांगण्यास पुढें येत नसेल, तर दोष न्यायालयाचा कीं गांवाचा, याचा पालकांनींच विचार करावा.

हा विचार निव्वळ पुस्तकी नाहीं, हें आपल्या महाराष्ट्रानें फार मोठी किंमत देऊन पाहिलें आहे. धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून एक गांव आहे. १ जुलै २०१८ या दिवशीं, रविवारीं, तेथें आठवड्याचा बाजार भरला होता. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे, असा मजकूर त्या दिवसांत मोबाईलवरून एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होता. सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षेसाठीं आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण त्या बाजारांत होते. जमावाला संशय आला. त्या पांचांना मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरींत नेण्यांत आलें, आणि तेथें ते मारले गेले. आरोप करणारे, साक्ष देणारे, न्याय करणारे आणि शिक्षा अमलांत आणणारे एकच होते. "तूं स्वतः काय पाहिलेंस?" हा एकच प्रश्न विचारून जमावानें उत्तराची वाट पाहिली असती, तर तेथें बोलण्यासारखें कोणापाशीं कांहींच नव्हतें.

मोबाईलवर आलेला मजकूर वा चित्र म्हणजे छापील सत्य, असें समजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अशा यंत्रांतील नोंद न्यायालयापुढें ठेवावयाची असली, तर ती कोणत्या यंत्रांतून, कशी काढली, याचें प्रमाणपत्र सामान्यतः सोबत जोडावें लागतें. ज्या गोष्टीचें उगमस्थान सांगतां येत नाहीं, ती न्यायालय सहजासहजीं हातीं घेत नाहीं. आपण मात्र ती क्षणांत पन्नास जणांकडे पाठवितों.

शाळा म्हणजे न्यायालय नव्हे, आणि आईनें घरांत वकील नेमावा असेंही मी म्हणत नाहीं. तरी चार गोष्टी आपणांस सहज करतां येतील. कोणीं कोणावर दोष ठेवला, तर "तूं स्वतः पाहिलेंस कीं ऐकलेंस?" हें प्रथम विचारावें. ज्याच्यावर दोष आला त्याचें म्हणणें निर्णयाच्या आधीं ऐकावें, मागाहून नव्हे. भीति घालून वा आमिष दाखवून कबुली घेऊं नये. आणि जुनी चूक नव्या आरोपाचा पुरावा म्हणून वापरूं नये. मीं स्वतः हे चार नियम त्या वर्षापासून पाळीत आलों आहें. त्यामुळें दोन-तीन वेळां एखाद्या खोडीचा कर्ता सांपडला नाहीं, हें मी कबूल करितों. तेवढें सोसण्यास मी तयार आहें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांकडून मात्र मला एक उलट बाजूचेंही काम हवें आहे. जें तुम्हीं पाहिलें नाहीं तें सांगूं नका, हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं, जें तुम्हीं पाहिलें तें विचारल्यावर लपवूं नका. मित्र रागावेल, दांडगा मुलगा त्रास देईल, या भीतीनें गप्प बसणारा मुलगा पुढें मोठा झाल्यावर न्यायालयाच्या पायरीवरूनच परत फिरतो. नियम कितीही चांगले असले तरी साक्षीदारावांचून न्यायाधीश काय करणार?

ज्या विद्यार्थ्यानें मला तो प्रश्न विचारला, तो आतां दहावींत आहे. त्यानें हा लेख वाचून आपल्या गांवांतील त्या "ठाऊक असलेल्या" चोरीची चौकशी पुन्हां एकदां करावी. प्रत्येकाला इतकेंच विचारावें कीं, तुम्हांला हें कोणीं सांगितलें? ज्यानें सांगितलें त्याच्याकडे जावें आणि त्यालाही तेंच विचारावें. असें करीत शेवटीं तो ज्याच्या दारांत पोहोंचेल, त्यानें स्वतः काय पाहिलें होतें, तें त्यानें मला वर्गांत येऊन सांगावें. मी त्याची वाट पाहत आहें.